ख्वन आणि फी : थाई खेड्यातील मृत्युविचार

नोकरीच्या निमित्ताने ज्यांचे आयुष्य परमुलखात जाते त्यांस एक अनुभव सहसा चुकत नाही. बदलीच्या गावी येऊन चार-सहा महिने झालेले असतात. बाजारापुरती भाषा आलेली असते, कचेरीतील मंडळींचे सणवार व खाणेपिणे परिचयाचे झालेले असते आणि या लोकांस आपण आता ओळखतो असे समाधानही वाटू लागलेले असते. मग एके दिवशी पहाटे शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येतो. आपण लगबगीने त्या दाराशी जातो आणि तेथेच थबकतो. आत जावे की अंगणात उभे राहावे? खांदा देऊ केला तर चालेल काय? परत येऊन आपण स्नान केले तर त्यांस ते योग्य वाटेल की त्यांचा अवमान होईल? सहा महिन्यांत मिळविलेली सारी ओळख त्या उंबऱ्यावर अपुरी पडते. ज्या लोकांचे मरण आपणांस समजत नाही त्यांचे जगणे आपणांस समजले असे म्हणता येत नाही, हे तेव्हा ध्यानात येते.

हा प्रश्न मनाशी धरून आम्ही येथे थाई लोकांच्या मृत्युविचाराकडे पाहणार आहोत. त्यास कारणे दोन. त्या देशातील खेड्यांची मरणाविषयीची समजूत बाहेरच्यांनी व घरच्यांनी कशी कशी समजावून घेतली, याचा मोठा बोधप्रद इतिहास उपलब्ध आहे. दुसरे असे की, थाईंच्या भाषाकुळातील माणसे आपल्याच देशाच्या ईशान्य टोकाला शतकानुशतके राहत आहेत, आणि आमच्या वाचकांपैकी काहींच्या नेमणुका त्यांच्या शेजारी होत असतात.

प्रथम आपल्या मनातील एक पूर्वग्रह बाजूला ठेवला पाहिजे. आपणां मराठी वाचकांस बुद्धाची ओळख धर्मानंद कोसंबी यांच्यासारख्या पंडितांच्या ग्रंथांतून झाली. ती ओळख उत्तमच होती, परंतु ती ग्रंथांतली होती. अनात्मवाद, प्रतीत्यसमुत्पाद, निर्वाण ही तिची परिभाषा. ज्या देशात गावोगाव विहार आहे आणि पुष्कळ पुरुष आयुष्यात एकदा तरी चीवर धारण करतात, तेथे भुताखेतांस थारा नसेल, असा आपला सहज तर्क होतो. थाई खेड्यात पाऊल टाकताच तो तर्क कोलमडतो.

थाई माणसाच्या समजुतीप्रमाणे देहात 'विन्यान' असते. हा शब्द म्हणजे पाली 'विञ्ञाण', आपले 'विज्ञान'. पंडितांच्या लेखी ही क्षणोक्षणी पालटणारी जाणीव. खेडुताच्या लेखी मरणसमयी देह सोडून पुढच्या जन्मास जाणारा जीव. त्याखेरीज देहात 'ख्वन' असते. हा शब्द मात्र पालीतून आलेला नाही. ख्वन एक नसून बत्तीस आहेत, देहाच्या निरनिराळ्या भागांत त्यांची वस्ती असते, असे लोक सांगतात. ख्वन मोठे भित्रे. मूल दचकले, माणूस दूरच्या प्रवासास निघाला, घरात मोठे दुखणे आले, की ते देह सोडून रानोमाळ भटकते आणि माणूस खंगतो. मग केळीच्या पानांची सुबक उतरंड रचून, तीवर फुले, भात, अंडे ठेवून गावातील जाणता वृद्ध त्यास गोड शब्दांनी परत बोलावितो, आणि ते पुन्हा पळू नये म्हणून मनगटास पांढरा दोरा बांधतो. तिसरा शब्द 'फी'. मेलेल्याचे भूत, पूर्वजांचा आत्मा, वृक्षाचा, पाण्याचा वा शिवेचा रक्षक या सर्वांस हा एकच शब्द पुरतो.

विहारातील भिक्षू आणि शिवेवरचा फी ही जोडी आजकालची नाही. सुखोथाईचा राजा रामखम्हेंग याच्या नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख इ. स. १२९२ चा मानला जातो. त्यात राजा व प्रजा यांच्या दानधर्माचे, वर्षावासाचे, विहारांचे वर्णन आहे. आणि त्याच लेखात नगराच्या दक्षिणेकडील डोंगरावर राहणाऱ्या एका श्रेष्ठ फीचाही उल्लेख आहे. राजाने त्याची पूजा यथासांग केली तर राज्य टिकेल, न केली तर ते लयास जाईल, असा त्याचा आशय. या लेखाच्या अस्सलपणाविषयी गेल्या शतकाच्या अखेरीस बराच वाद झाला, तथापि पुष्कळ अभ्यासक तो जुनाच मानतात. लेख कोरणाऱ्यास बुद्ध आणि डोंगरावरचा फी यांस एकाच दगडावर जागा देताना कसलाही संकोच वाटलेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे पाश्चात्त्यांची नजर या देशावर पडली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा वकील सिमों द ला लुबेर १६८७ साली सयामात आला आणि मायदेशी परतल्यावर १६९१ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा मुक्काम काही महिन्यांचाच होता, पण त्याची नजर सरकारी माणसाची, म्हणजे तपशील टिपणारी होती. सयामी लोक आपले मृत दहन करतात हे तर त्याने नोंदविलेच. परंतु बाळंतपणात मेलेल्या स्त्रिया, मृत जन्मलेली अर्भके, बुडून वा वीज पडून मेलेली आणि राजदंडाने मारलेली माणसे यांस अग्नी देत नाहीत, हेही त्याने टिपले. असे मरण निर्दोष माणसास येत नाही अशी त्या लोकांची समजूत आहे, हे कारणही त्याने दिले.

त्याच्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षांनी अभ्यासक खेड्यांत राहू लागले तेव्हा हा भेद तेथे तसाच उभा होता. अपघाती वा हिंसक मरणास 'ताय होंग' म्हणतात. अशा मृतास रीतसर चितेचा मान लगेच मिळत नाही. त्यास घाईने पुरावे, आणि काळ लोटून भय निवाल्यावर मग दहन करावे, अशी रीत. त्यातही पोटातील मुलासह मेलेल्या स्त्रीचे भूत सर्वांत भयंकर. बँकॉकच्या फ्रखनोंग भागातील मे नाक हिची कथा याच जातीची. नवरा लढाईवर असता ती बाळंतपणात मरते, आणि तो परतल्यावर जणू काहीच घडले नाही अशा रीतीने त्याच्याशी संसार करू लागते. या कथेवर कितीतरी चित्रपट निघाले आणि महाबुत विहारातील तिच्या देवळीस आजही लोक लहान मुलांचे कपडे व खेळणी वाहतात. आमच्या कोकणातील वा देशावरील वाचकांस येथे हडळीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. संसार पुरा न होता गेलेल्या स्त्रीविषयी मागे राहिलेल्यांच्या मनात जी अपराधाची टोचणी राहते, तिनेच दोन्हीकडे हे रूप घेतले असावे असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकात या साऱ्याची कठोर तपासणी करणारा पुरुष त्या देशातच निपजला. तो म्हणजे राजपुत्र मोंगकुट. १८२४ ते १८५१ अशी सत्तावीस वर्षे तो भिक्षू होता. वर उल्लेखिलेला शिलालेख त्यानेच १८३३ साली सुखोथाईच्या अवशेषांत शोधून काढला. पाली ग्रंथांच्या आधाराने आचार शुद्ध करणारा थम्मयुत संप्रदाय त्याने स्थापिला. ग्रंथांस आधार नसलेल्या समजुती त्यास मान्य नव्हत्या. असा हा सुधारक राजा झाल्यावर मात्र त्याने देशाचे रक्षण करणाऱ्या देवतेची एक लहानशी सुवर्णमूर्ती घडवून राजवाड्यात तिची पूजा सुरू केली. तिचे नाव 'सयाम देवाधिराज'. चहूंकडून परकीय सत्ता चालून येत असता आपला देश वाचला तो कोणा रक्षकामुळे, ही त्याची भावना. डोंगरावरच्या त्या फीची पूजा अशा रीतीने नव्या नावाने राजवाड्यात आली. सुधारकाच्या पदरी ही विसंगती बांधण्याची घाई आम्ही करणार नाही. ज्यास राज्य सांभाळावयाचे होते त्यास केवळ ग्रंथ पुरे पडले नाहीत, एवढेच यातून दिसते.

आता ज्या गृहस्थाविषयी आमच्या वाचकांस विशेष आपुलकी वाटावी त्याच्याकडे वळू. फ्राया अनुमान राजधोन (१८८८ ते १९६९) हा पेशाने सरकारी नोकर. त्याच्या उमेदीची कितीतरी वर्षे जकात खात्यात गेली. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. पुढे तो ललितकला खात्यात आला आणि त्या खात्याचा प्रमुख झाला. 'सथियनकोसेत' या टोपणनावाने त्याने विपुल लेखन केले. पाली जाणणाऱ्या एका मित्राच्या साह्याने आपला 'हितोपदेश'ही त्याने थाई भाषेत नेला. परंतु त्याचे मोठे कार्य म्हणजे थाई लोकांच्या जन्म, विवाह व मरण यांच्या चालीरीतींचा संग्रह. शिकलेले लोक ज्या गोष्टींस बायाबापड्यांच्या खुळ्या समजुती म्हणून हसत होते त्या त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांस विचारून, टिपून, तुलना करून लिहून ठेविल्या.

मरणाविषयीच्या या चालीरीती वाचताना एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. जवळजवळ प्रत्येक आचारास दोन अर्थ आहेत, एक भीतीचा व दुसरा बोधाचा. मरणोन्मुख माणसाच्या कानात 'अरहं' हा बुद्धवाचक शब्द उच्चारतात. आपण गंगोदक घालून रामनाम सांगतो तसेच हे. मृताच्या तोंडात नाणे ठेवतात. कोणी म्हणतो, परलोकीच्या वाटेची ती दस्तुरी. कोणी म्हणतो, जन्मभर साठविलेले धन तोंडात घातले तरी बरोबर नेता येत नाही, हे मागे राहिलेल्यांनी पाहावे यासाठी ते ठेवावयाचे. शव दोऱ्याने तीन ठिकाणी बांधतात. भ्यालेल्यास वाटते, मेलेला उठून येऊ नये म्हणून हा बंदोबस्त. भिक्षू सांगतो, हे तीन पाश आहेत. गळ्याभोवतीचा अपत्यांचा, हातांचा जोडीदाराचा आणि पायांचा मालमत्तेचा. जुन्या काळी शव नेहमीच्या जिन्याने खाली उतरवीत नसत. फांद्यांचे तात्पुरते दार व शिडी करून नेत आणि मागाहून ती मोडून टाकीत, म्हणजे भुतास परतीची वाट सापडू नये. चितेस तीन फेरे घालतात ते उलटे, आपल्या अप्रदक्षिणेसारखे. ते भुतास चकविण्यासाठी म्हणावेत, की जन्ममरणाच्या फेऱ्यांची आठवण म्हणून? दोन्ही उत्तरे मिळतात, आणि पुष्कळदा एकाच तोंडून मिळतात. दहनापूर्वी मृताचे मुख शहाळ्याच्या पाण्याने धुतात. उंच झाडावर, कवचाच्या आत राहिलेले ते पाणी सर्वांत निर्मळ. शुक्रवारी दहन करीत नाहीत, कारण शुक्रवाचक 'सुक' व सुखवाचक 'सुक' यांचा उच्चार तेथे एक झाला आहे, आणि सुखाच्या दिवशी मृतास जाळले तर जिवंतांस दुःख भोगावे लागते.

यानंतरचा मोठा अभ्यासक स्टॅन्ले तंबय्या. सिंहलद्वीपातील तमिळ कुटुंबात १९२९ साली त्याचा जन्म झाला. १९५६ मध्ये त्या देशात गल ओया येथे सिंहली-तमिळ दंगल उसळली तेव्हा तो आपल्या विद्यार्थ्यांसह तेथेच कामावर होता. पुढे १९६० साली तो युनेस्कोच्या कामावर थायलंडात गेला आणि ईशान्येकडील उदोन प्रांतातील एका खेड्याचा त्याने कसून अभ्यास केला. त्यावरील त्याचा ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या प्रदेशाची बोली लाओ. तेव्हा थाईंच्या देशातही ती एका कोपऱ्याचीच कथा होय, हे येथे सांगितले पाहिजे.

तंबय्यापुढे प्रश्न असा होता की, ग्रंथांतला धर्म एक आणि खेड्यातला दुसरा असे म्हणून भागते काय? खेड्यात त्याने पाहिले ते असे. तरुण मुलगा एखाद्या वर्षावासापुरते चीवर घेतो, ते विशेषतः आईबापांस पुण्य मिळावे म्हणून. त्या दीक्षेपूर्वी त्यास 'नाक', म्हणजे नाग, म्हणतात. माणसाचे रूप घेऊन भिक्षू होऊ पाहणाऱ्या नागाची कथा त्यामागे आहे. दीक्षेच्या आदल्या वेळी गावचा वृद्ध त्याचे ख्वन बोलावून मनगटास दोरा बांधतो. हा वृद्ध कोण? गावकरी त्यास 'फाम', म्हणजे ब्राह्मण, म्हणतात. परंतु तो जातीने ब्राह्मण नव्हे. तो बहुधा तरुणपणी विहारात राहिलेला भिक्षूच असतो. लिपी आणि मंत्र त्याने तेथेच मिळविलेले असतात. तरुण चीवर घेऊन वृद्धांस पुण्य देतो, आणि वृद्ध दोरा बांधून तरुणास बळ देतो. ज्यांस आपण दोन धर्म म्हणत होतो ती एकाच माणसाच्या वयाची दोन रूपे ठरली.

तरीही कामांची वाटणी स्पष्ट आहे. लग्नात वा दुखण्यात वृद्धाचा अधिकार मोठा. मरणात मात्र भिक्षूवाचून चालत नाही. गावाच्या कडेस 'तापूबान', म्हणजे गावचा आजा, याचे ठाणे असते. आमच्याकडील म्हसोबा-वेताळांच्या शिवेवरील ठाण्यांसारखेच ते. त्याच्या पूजेत भिक्षू भाग घेत नाहीत. आणि मौज अशी की, उपोसथाच्या दिवशी नांगर धरणाऱ्यास हा आजाच शासन करतो अशी गावाची श्रद्धा. बुद्धाचा नियम मोडू नये म्हणून पहारा करावयाचा तो फीने!

मृतास जे पोहोचवावयाचे ते मात्र भिक्षूच्या हातूनच पोहोचते. भिक्षूस अन्नदान करावयाचे, त्याचे मंत्र चालू असता लहानशा भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडावयाची, आणि त्या दानाचे पुण्य गेलेल्यास द्यावयाचे. पृथ्वी त्या पाण्याची साक्षी; तीस ते 'थोरनी', म्हणजे धरणी, म्हणतात. आपल्याकडील उदक सोडण्याचा हा भाऊच. आणखी एक साम्य तर थक्क करणारे आहे. दक्षिणेकडील नखोन सी थम्मरात प्रांतात दहाव्या चांद्रमासाच्या वद्य पक्षात पितरांचा मोठा सोहळा होतो. प्रतिपदेस 'प्रेत' योनीतील पूर्वज भेटीस सुटतात व अमावास्येस परततात, अशी समजूत. थाईंच्या बाराव्या महिन्याची पौर्णिमा ती आपली कार्तिकी. तेव्हा दहावा महिना आपला भाद्रपद होतो. अधिक मासाचा फरक सोडला तर ज्या पंधरवड्यात आपण काकबळी ठेवून वाट पाहतो, त्याच पंधरवड्यात तेथील घरांतूनही पितरांची पाने वाढली जातात.

या चित्राची काळी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 'फी पोप' नावाचे एक भूत माणसाच्या देहात शिरून त्याचे काळीज खाते असे मानतात. ते अमक्याच्या अंगात आहे, असा गवगवा झाला की त्या माणसास गाव सोडावे लागे. उत्तरेकडे चियांगमाई भागात अशाच आरोपाने हाकललेल्या कुटुंबांस एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आसरा दिल्याची नोंद आहे. आपल्याकडेही हे संपलेले नाही. महाराष्ट्रास २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, आणि आसामच्या विधानसभेने २०१५ मध्ये चेटकीण ठरवून होणाऱ्या छळाविरुद्ध कायदा संमत केला. एखाद्या लोकाचा भूतविचार समजून घेणे म्हणजे त्याच्या नावाने होणारा अन्याय पोटात घालणे नव्हे. उलट, कोणता दोरा मायेने बांधलेला आहे आणि कोणता कोणाचा गळा आवळीत आहे, हे ज्यास ओळखता येते तोच अधिकारी योग्य वेळी योग्य तेथे हात घालू शकतो.

आता आसामचे नाव आलेच आहे, तर आपल्या देशातील थाईंकडे जाऊन हा लेख पुरा करू. १२२८ साली सुकाफा आपल्या थाई अनुयायांसह पूर्वेचे डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला. त्याच्या वंशजांनी, म्हणजे अहोम राजांनी, तेथे जवळजवळ सहाशे वर्षे राज्य केले. ते आपल्या राजांस चराइदेव येथे मातीचे उंच ढिगारे उभारून पुरीत. त्यांस मैदाम म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोने या मैदामांस जागतिक वारशात स्थान दिले. कालांतराने अहोमांनी हिंदू धर्म स्वीकारला, दहन सुरू केले. पण अस्थी व रक्षा नेऊन ठेविली ती मैदामातच. तेथेही जुन्याने नव्यास जागा दिली आणि स्वतःचीही राखली.

पुढे अहोमांची भाषा त्यांच्या घरांतून नाहीशी झाली. ते असमिया बोलू लागले. जुनी भाषा पुरोहितांच्या पोथ्यांत उरली. तथापि 'रिकख्वन' नावाचा विधी त्यांच्यात टिकला. रिक म्हणजे हाक मारणे, आणि ख्वन म्हणजे तेच, उदोनच्या खेड्यातील वृद्ध ज्यास गोड शब्दांनी परत बोलावीत होता ते. आणि आसामात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांनी सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ३१ जानेवारीस 'मे-दाम-मे-फी' हे नाव पाहिले असेलच. तो अहोमांचा पूर्वजपूजेचा दिवस. त्यातील शेवटचा शब्द हा सुखोथाईच्या डोंगरावरचाच फी. पुष्कळांनी ती सुट्टी घेतली असेल, पण ती कोणासाठी होती हे विचारले नसेल. आम्हीही पहिली काही वर्षे विचारले नव्हते.

घरची भाषा सुटली, देव पालटले, मृतांस पुरण्याऐवजी जाळणे आले, तरी हरवलेल्या जिवास हाक मारण्याचा शब्द आठशे वर्षे राहिला. आपली मुले परमुलखात वाढत आहेत. त्यांची मराठी दिवसेंदिवस पातळ होत आहे याची खंत आपण वारंवार बोलून दाखवितो. त्यांच्यापाशी शेवटी काय उरेल हे आपणांस सांगता येत नाही. पण दारात तिन्हीसांजेस दृष्ट काढताना आजी जे पुटपुटते ते, आणि भाद्रपदात आजोबांचे नाव घेऊन वाढलेले पान, ही त्यांनी पाहिलेली असावीत एवढे तर आपल्या हाती आहे.

आणि शेजारच्या घरातून पुन्हा कधी रडण्याचा आवाज आला, तर अंगणात उभे राहून तेथील एखाद्या वृद्धास हळूच विचारावे, "बाबा, आपल्याकडे अशा वेळी काय करतात?" ते बहुधा सांगतात. ला लुबेरपासून तंबय्यापर्यंत साऱ्यांनी अखेरीस हेच केले.